चौकटीखालची ओळ

बुधवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. छापखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बाईंनी लाकडी पट्टी चौथ्या ओळीखाली सरकवली होती आणि समोर बसलेला भोंगा चौथी ओळ वाचत होता.

"हे मलम स्वल्पविराम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्वल्पविराम वापरू नये पूर्णविराम."

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. पंधरा वर्षं तळमजल्यावर घडी घालणाऱ्या मशीनपाशी काढल्यामुळे त्याचा आवाज कायमचा वर चढून बसला होता. वाचायला वर बोलावलं तेव्हा आवाज खाली उतरेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो काही उतरला नाही. बाई तोंडावर त्याला भोंगेराव म्हणत. त्यालाही त्याचं काही नव्हतं.

या छापखान्यात औषधांच्या खोक्यात घालायच्या चिठ्ठ्या छापतात. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, आठ घड्या. छापण्याआधी प्रत्येक चिठ्ठी दोघांनी मिळून तपासायची. एकाने औषध कंपनीची मंजूर प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापायच्या प्रतीवर डोळा ठेवायचा. कुठे अक्षर हललं की लाल पेन्सिल. बाई हे दुसरं काम सत्तावीस वर्षं करत होत्या.

त्यात एक नियम होता. दोघांपैकी कुणी मध्येच उठलं तर चिठ्ठी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायची. पूर्वी एकदा वाचणारा पाणी प्यायला उठला, परत येऊन एक ओळ सोडून पुढे गेला आणि एका औषधाच्या चिठ्ठीतला मुलांचा डोस गायब झाला. माल वेळेत परत आला, कुणाला काही झालं नाही, पण नियम कायमचा राहिला. मध्यम लांबीच्या चिठ्ठीला चाळीस मिनिटं लागत.

बाईंच्या कामाची दुसरी गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, पण हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. मजकूर वाचायचा नाही, जुळवायचा. अर्थ कळायला लागला की डोळा पुढचं गृहीत धरून पळतो आणि चूक निसटते. बाईंनी स्वतःला इतकं पक्कं वळण लावलं होतं की हजारो औषधांच्या चिठ्ठ्या डोळ्यांखालून जाऊनही डोकेदुखीला काय घ्यावं हे त्या शेजारणीला विचारत.

त्या बुधवारी मात्र बिनसलं. भोंगा आगगाडीची वेळ सांगावी तशा आवाजात "योनिमार्गात लावण्याचे" असं वाचून पुढे गेला आणि औषधाचं नाव आलं. ते नाव बाईंच्या घरी, न्हाणीघरातल्या कपाटात, चार वर्षं उभं होतं. कंपनी वेगळी होती, औषध तेच. पट्टी थांबली नाही, हात सवयीने चालत राहिला, पण कान पहिल्यांदाच ऐकू लागले. आठव्या ओळीनंतर जाड काळी चौकट होती. भोंग्याने ती वाचली. गर्भाशयाचा कर्करोग, स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, स्मृतिभ्रंश. प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम, शेवटी पूर्णविराम.

चिठ्ठीत एकही चूक नव्हती. बाईंनी खाली सही केली, तारीख टाकली. भोंगा म्हणाला, "आज काय, पेन्सिलीला उपास?" बाईंनी पुढची चिठ्ठी ओढली.

मलमाची हकिकत चार वर्षांपूर्वीची. तेव्हा पाळी थांबून चार वर्षं झाली होती. आधी कोरडेपणा, मग जळजळ, मग लघवीचा जंतुसंसर्ग. एका वर्षात पाच वेळा. दर वेळी गोळ्यांचा कोर्स, दर वेळी चार आठवडे बरे आणि पुन्हा तेच. चाळीस मिनिटांच्या चिठ्ठीत बाई वीस मिनिटांनी उठत. परत आल्या की भोंगा पहिल्या ओळीपासून सुरू करी. एकदा एकच चिठ्ठी चार वेळा सुरू झाली तेव्हा तो म्हणाला होता की आता ही मला तोंडपाठ झाली, तुम्ही तिकडूनच ऐका. बाई हसल्या होत्या, पण त्या दिवसापासून त्यांनी दुपारपर्यंत पाणी पिणं सोडलं, आणि त्याने दुखणं आणखी वाढलं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, जंतूंना आयतीच वाट मिळते, नुसत्या गोळ्यांनी ती बंद होणार नाही. त्यांनी इस्ट्रोजेनचं मलम दिलं. दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, अर्धा ग्रॅम, सोबतच्या प्लास्टिकच्या नळीने. बाईंनी सोमवार आणि गुरुवार धरले आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनांत लाल पेन्सिलीने ठिपके दिले. तीन महिन्यांत जळजळ गेली. पुढच्या चार वर्षांत जंतुसंसर्ग एकदाच झाला. पाण्याची बाटली टेबलावर परत आली. त्या खोक्यातली चिठ्ठी बाईंनी कधीच उघडली नाही. दिवसभर चिठ्ठ्याच बघायच्या, घरी कशाला.

बुधवारी संध्याकाळी मात्र त्यांनी ती उघडली, दिव्याखाली धरली आणि लाल पेन्सिलीने चौकटीतल्या सहाही आजारांखाली रेघा मारल्या.

नेमक्या त्याच वेळी वन्सं वरच्या मजल्यावरून खाली आल्या. वन्सं म्हणजे मोठी नणंद. वय अडुसष्ट, आणि घरातल्या प्रत्येक बाबतीत शेवटचा शब्द. पाळी जाताना अंगाची आग होते म्हणून त्यांना कधीतरी हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. वर्षभरात पिंढरीत रक्ताची गुठळी झाली. तेव्हापासून हार्मोन हा शब्द त्या घरात सापासारखा उच्चारला जाई. वन्संनी टेबलावरची चिठ्ठी पाहिली, ट्यूब पाहिली आणि सगळं ओळखलं. कधीपासून, असं विचारलं तेव्हा बाईंनी खरं ते सांगितलं.

"चार वर्षं? आणि आम्हाला ताकास तूर लागू दिली नाहीत?" त्या म्हणाल्या. "माझा पाय बघितलात ना वहिनी? मग कसली हौस आली या वयात?"

हौस हा शब्द बाईंना झोंबला. हौस नाही, दुखणं आहे, असं त्या म्हणाल्या. पण त्या म्हणताहेत आणि समोर लाल रेघा आहेत, त्यामुळे बोलण्यात जोर नव्हता. वन्सं गेल्यावर ट्यूब कपाटात सगळ्यात मागे गेली. गुरुवारचा ठिपका वाया गेला. डॉक्टरीणबाईंना एक फोन करावा हे त्यांच्या मनात आलंच नाही. कारण साधं होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच शिस्त पाळली होती. मंजूर प्रतीत आहे ते खरं, कुणी तोंडाने काहीही सांगो. डॉक्टरीण तोंडाने बोलली होती. चिठ्ठी छापलेली होती.

पहिले तीन आठवडे काही झालं नाही, तेव्हा आपण उगाचच इतकी वर्षं ते लावत होतो असंही त्यांना वाटून गेलं. पाचव्या आठवड्यात कोरडेपणा परत आला, मग बसताना टोचल्यासारखं व्हायला लागलं. आठव्या आठवड्यात ताप, थंडी आणि लघवीला आग. त्या सोमवारी एका चिठ्ठीत त्या तीनदा उठल्या. तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा भोंग्याने विनोद केला नाही. तो मान खाली घालून पहिली ओळ शोधत होता, आणि हे विनोदापेक्षा वाईट होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब वयाने लहान आणि स्वभावाने बरे. पण खाली तीन मशीन्स चिठ्ठ्यांची वाट बघत उभी होती. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, ते बाई प्यायल्या नाहीत. मग ते म्हणाले की दोन महिने बघू. जमलं तर उत्तम, नाही तर रिकाम्या खोक्यांच्या मोजणीला एक माणूस लागतोच आहे, तिथे उठलं बसलं तरी कुणी विचारत नाही.

बाईंना यातलं शेवटचं वाक्य लागलं. खोके मोजणं हे काम वाईट नव्हतं. पण खोके कुणीही मोजू शकतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि काचेच्या खोलीतल्या त्या खुर्चीतूनच उठायचं असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, कमी बोलतो पण वस्तू कुठली कुठे आहे हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्या संध्याकाळी भिंग न काढताच तो म्हणाला, "अगं, ती ट्यूब दोन महिने हललेली नाही. आणि तुझं दुखणं परत आलंय. या दोन गोष्टी मला दिसतात. मधलं काय ते तू जाणे."

"चिठ्ठीत वाईट लिहिलंय, अहो."

"मग जिने ते दिलं तिलाच दाखव ना चिठ्ठी."

दुसऱ्या दिवशी बाई रजा टाकून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासायला पाठवली, तापाचं बघितलं, गोळ्या लिहून दिल्या. मग बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली आणि लाल रेघा वर येतील अशी टेबलावर ठेवून नणंदेच्या पायाचंही सांगितलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. चिठ्ठी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. त्या म्हणाल्या की ही भीती तुमच्या एकटीची नाही, महिन्यातून एक दोघी तरी मलम बंद करून मग येतात. आणि चूक माझीही आहे, देतानाच मी सांगायला हवं होतं की खोक्यात हे निघेल.

"आता चौकटीखालची बारीक ओळ वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. रोज तोंडावाटे गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत आढळलेल्या धोक्यांवरून वरील सूचना दिली आहे, असं तिथे होतं. हीच ओळ त्यांनी दोन महिन्यांपूर्वी छापखान्यात जुळवली होती. भोंग्याने ती वाचली होती, त्यांनी पट्टी सरकवली होती, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. आणि घरी दिव्याखाली लाल पेन्सिल चौकटीच्या कडेपाशीच थांबली होती.

डॉक्टरीणबाईंनी मग सावकाश समजावलं. गोळी पोटातून रक्तात जाते, यकृतातून सगळ्या अंगभर फिरते, तुमच्या नणंदेच्या पायाचं तसं होऊ शकतं. हे मलम जिथे लावलं तिथे काम करतं. मात्रा इतकी कमी की सुरुवातीचे काही दिवस सोडले तर रक्तातलं प्रमाण पाळी गेलेल्या बाईत एरवी असतं तेवढंच राहतं. पण हार्मोन तोच म्हणून गोळीचा इशारा सरसकट सगळ्यांच्या चिठ्ठीत आला.

"आणि वर्षानुवर्षं वापरलं तर?" बाईंनी विचारलं. खरा प्रश्न हाच होता. चार वर्षं झाली होती, पुढे किती हे कुणी सांगितलं नव्हतं.

हजारो बायकांवर बरीच वर्षं लक्ष ठेवून केलेल्या पाहण्या आहेत, एक तर अठरा वर्षांची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मलम लावणाऱ्यांत कर्करोग, हृदयाचा झटका, गुठळ्या हे न लावणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलेलं नाही. मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. या पाहण्या आहेत. दोन गट पाडून, एकाला औषधाचं आणि दुसऱ्याला औषध नसलेलं मलम देऊन केलेल्या काटेकोर चाचण्या बहुतेक वर्षभराच्याच आहेत. त्यामुळे शंभर टक्के असा शब्द मी वापरणार नाही. जिला स्तनांचा कर्करोग होऊन गेलाय तिने तिच्या कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. तुम्हाला तसं काही नाही. मलम थांबवलं की त्रास परत येतो, ते तुम्ही पाहिलंच. तेव्हा वर्षातून एकदा मला दाखवा आणि गरज आहे तोवर वापरा.

"आणि रक्त दिसलं, एक डाग का होईना, तर वर्षाची वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात यायचं. मलम लावत असा की नसा."

बाईंनी टेबलावरची चिठ्ठी पालथी केली. मग म्हणाल्या, "हे लिहून द्याल का?"

"कशाला? आत्ता सांगितलं की."

"आमच्याकडे तोंडी दुरुस्ती घेत नाहीत."

डॉक्टरीणबाई या वेळी हसल्या. त्यांनी चिठ्ठीच्या कोऱ्या पाठीवर पाच ओळी लिहिल्या. मात्रा, दिवस, वर्षाची तपासणी, रक्त दिसल्यास काय, आणि इशारा कुठल्या औषधाच्या पाहणीवरून आला ते. खाली सही केली. बाईंनी तारीख टाकायला लावली.

तरी बाईंचं समाधान पूर्ण झालं नव्हतं. एका माणसाने लिहिलेल्या दुरुस्तीवर त्यांनी आजवर कधी मशीन चालू होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कपाटातून दोन मंजूर प्रती काढल्या. एक त्या मलमाची, दुसरी त्याच हार्मोनच्या गोळ्यांची, जी दर वर्षी तपासायला येते आणि अकरा वर्षं येते आहे. मलमाची प्रत त्यांनी स्वतःपुढे ठेवली, गोळ्यांची भोंग्यापुढे.

"सुट्टीत?" भोंगा म्हणाला. "माझा डबा काय गुन्हा करून बसलाय?"

"एक परिच्छेद फक्त. चौकटीपासून."

भोंग्याने हातातला घास डब्यात ठेवला, हात पुसले आणि गोळ्यांच्या चिठ्ठीतली चौकट वाचायला घेतली. बाईंनी मलमाच्या चिठ्ठीवर पट्टी ठेवली. पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली. सहाही आजार त्याच क्रमाने. चौकट संपली, खाली गोळी घेणाऱ्या स्त्रियांची ओळ आली, तीही. लाल पेन्सिल टेबलावरून उचलायची वेळच आली नाही. गोळ्यांच्या चिठ्ठीतला आख्खा परिच्छेद उचलून मलमाच्या चिठ्ठीत ठेवला होता.

हे त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण आता ते त्यांच्या पट्टीखालून गेलं होतं.

भोंगा प्रतीकडे बघत राहिला. तो हळूही बोलू शकतो हे बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणून तुम्ही मध्ये उठत होतात?"

"हो."

"आमच्या घरीही असंच आहे," तो म्हणाला. बायको तासाभराच्या पलीकडे कुठे येत नाही, भाच्याच्या लग्नालाही आली नाही, विचारलं तर म्हणते पाय दुखतात. पाय दुखत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण पुढे काय विचारायचं ते माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, "हे मलम दुकानात जाऊन मागायचं का?"

बाई म्हणाल्या की नाही, आधी तपासून घ्यायचं, कदाचित दुखणं दुसरंच असेल. आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा पत्ता त्यांनी एका बाद प्रुफाच्या मागे लिहून दिला. भोंग्याने तो घडी करून डब्याच्या झाकणात ठेवला आणि उरलेलं जेवण जेवला.

वन्संचं मन वळवायला बाई गेल्या नाहीत. चिठ्ठीच त्यांनी वर नेऊन दिली, पाठीवरचं हस्ताक्षर वर करून. वन्संनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे माझा पाय गोळ्यांनी गेला, आणि तुमचं हे वेगळं."

"तसं लिहिलंय."

"डॉक्टर बरंच काही लिहितात." वन्संनी चिठ्ठी परत केली. "बघा बाई. रक्त दिसलं तर आधी मला सांगा. तुमच्या घड्याळजीला हाक मारून तो भिंग काढेपर्यंत सकाळ होईल."

घरातली माघार एवढीच असते. बाईंनी ती पदरात घेतली.

गोळ्यांनी ताप चार दिवसांत उतरला. मलम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, दोन आठवडे रोज, मग सोमवार आणि गुरुवार. जादू काही झाली नाही. तिसऱ्या आठवड्यातही बाई एका चिठ्ठीत एकदा उठल्या आणि भोंग्याने पहिली ओळ पुन्हा वाचली. पाचव्या आठवड्यात टोचणं थांबलं. सहाव्या आठवड्यात त्यांनी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि सगळी रिकामी केली. कामातही एक फरक पडला. सही करण्याआधी त्या आता चिठ्ठी एकदा नुसती वाचतात, पट्टीशिवाय, अर्थासकट. त्याला सहा मिनिटं जास्त लागतात. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि सहा मिनिटं मधल्या चहातून कापून द्यायला तयार झाल्या.

दोन महिने संपले त्या बुधवारी दुपारी साहेबांनी पुढच्या महिन्याच्या कामांची यादी फळ्यावर लावली. खोक्यांच्या मोजणीपुढे तळमजल्यावरच्या एका माणसाचं नाव होतं. चिठ्ठ्यांपुढे जुनीच जोडी. भोंग्याने यादी मोठ्याने वाचून दाखवली, विरामचिन्हांसकट, म्हणून ती सगळ्या मजल्याला कळली. त्याच्या बायकोची तपासणी शुक्रवारी आहे हे मात्र त्याने फक्त बाईंना सांगितलं.

घरी आल्यावर बाईंनी ट्यूब दाबून पाहिली. अजून तीन आठवडे पुरेल एवढं मलम आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, पाठ वर करून.

उद्या गुरुवार. आठ वाजून दहा मिनिटांनी वाचायची पहिली चिठ्ठी एकशे बारा ओळींची आहे, आणि कॅलेंडरच्या उद्याच्या चौकोनात लाल ठिपका आहे.